पट्टा तुमच्याच हातात असू द्या

जर्मन शेफर्ड, मॅलिन्वा, डॉबरमन किंवा रॉटवायलरचं पिल्लू घरी आणलंय आणि पुढेमागे त्याला घेऊन संरक्षण-क्रीडेच्या मैदानात उतरायचं मनात आहे, अशा प्रत्येकाला माझी विनंती आहे: कुत्रा स्वतः शिकवा. त्यासाठी जाणकार माणूस लागेल, क्लब लागेल, पैसेही लागतील; पण पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आणि पात्रतेचे नियम पिल्लाचे दुधाचे दात पडत असतानाच वाचून काढा. दीड वर्षाचा कुत्रा समोर उभा करून नियम वाचायला घेतले, तर तोवर काही दारं बंद झालेली असतात, आणि ती पैसे भरून उघडत नाहीत.

आपल्याकडे शहरांतून ‘अटॅक ट्रेनिंग’ या नावाखाली जे विकलं जातं, त्याचा या खेळाशी संबंध नाही. हा खेळ जर्मनीत जन्मला. २२ एप्रिल १८९९ रोजी मॅक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी कार्ल्सरूह इथे जर्मन शेफर्डची संघटना उभी केली. कुत्रा दिसायला कसा आहे यापेक्षा तो कामाला कसा आहे, हे पाहून पैदास व्हावी असा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहातून शुट्झहुंड ही परीक्षा आली. पुढे तिचं नाव आयपीओ झालं आणि २०१९ पासून जगभर ती आयजीपी म्हणून ओळखली जाते. तिचे तीन भाग: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात किमान ७० हवेत. संरक्षणात कुत्र्याने मैदान गाजवलं आणि आज्ञापालनात ६९ पडले, तर निकाल नापास.

संरक्षणाचा भागही नीट पाहिला तर तो संयमाचीच परीक्षा आहे. हेल्पर, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस, आडोशामागे निश्चल उभा असतो. कुत्र्याने त्याला शोधायचं, समोर उभं राहून जोरात भुंकायचं आणि अंगाला तोंड लावायचं नाही. हेल्पर पळाला किंवा चाल करून आला तरच पकडायचं, तेही त्याच्या हातावरच्या जाड स्लीव्हला. मालकाने ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. पहिल्या हुकमाला सोडलं नाही तर आणखी दोन हुकमांची मुभा असते. त्यानंतरही तोंड मिटलेलंच राहिलं तर कुत्रा बाद. चावण्यापेक्षा सोडण्याला इतकं महत्त्व देणारी परीक्षा शेजाऱ्यांना धाक घालण्यासाठी नसते, हे पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये शेफर्ड पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता पात्रता. पहिली अट वयाची. आयजीपीच्या आधी बीएच नावाची परीक्षा पास व्हावी लागते आणि तिला कुत्रा किमान १५ महिन्यांचा हवा. आयजीपी-१ साठी १८ महिने, आयजीपी-२ साठी १९, आयजीपी-३ साठी २०. एक पायरी चढल्याशिवाय पुढची नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं दिसतात त्यापेक्षा उशिरा पक्की होतात. आठ महिन्यांचं धिप्पाड पिल्लू पाहून आपल्याला ते तयार वाटतं, पण त्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला लावणं म्हणजे त्याच्या खुब्यांशी खेळ. खुब्याचे एक्स-रे जर्मन शेफर्डच्या मूळ संघटनेतही वयाच्या १२ महिन्यांआधी अधिकृत धरत नाहीत. आणि मन शरीराच्याही मागून पक्कं होतं.

बीएचला लोक फार हलकं समजतात. माझ्या मते या सगळ्या खेळातली सगळ्यात शहाणी परीक्षा तीच. पहिल्यांदा बसणाऱ्या मालकाला आधी स्वतः लेखी परीक्षा द्यावी लागते: कुत्र्याचं शरीर, स्वभाव, कायदा, जबाबदारी. मग मैदानावर आज्ञापालन. आणि ते जमलं की थेट रस्त्यावर. सायकलवाला घंटी वाजवत जातो, कोणी धावत बाजूने निघून जातं, गाडी थांबते आणि आतला माणूस काच खाली करून काही विचारतो, गर्दीतून चालावं लागतं. शेवटी कुत्र्याला एका जागी बांधून मालक दिसेनासा होतो आणि तेवढ्यात दुसरा कुत्रा जवळून जातो. तुमच्या कुत्र्याला पुढे कधीच आयजीपीला बसवणार नसलात, तरी या परीक्षेची तयारी कराच. लक्ष्मी रोडवर किंवा दादर स्टेशनबाहेर शांत चालणारा कुत्रा ही गावावर केलेली मेहेरबानी आहे.

बाकीच्या अटी कागदाच्या वाटतात, पण घरी परत पाठवतात त्या याच. कुत्र्याला वाचता येणारी मायक्रोचिप किंवा गोंदण हवं. जज सुरुवातीला ती तपासतात, आणि चिप वाचली गेली नाही तर पुढचं काही होत नाही. प्रत्येक परीक्षेची नोंद होणारं गुणपुस्तक हवं. कुत्रा घेऊन उतरणारा माणूस मान्यताप्राप्त संघटनेचा सभासद हवा. आजारी कुत्रा चालत नाही. माजावर आलेल्या मादीला भाग घेता येतो, पण मैदानावर तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी येते. स्पष्ट गाभण असलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या मादीला घेत नाहीत. मैदानावर गळ्यात एकपदरी, सैल साखळी एवढंच. गोचिडांचा पट्टासुद्धा उतरवावा लागतो. खिशात खाऊ नको, चेंडू नको. आणि सुरुवातीलाच जज कुत्र्याचा स्वभाव पाहतात. अनोळखी माणूस जवळ आला की जो बिथरतो किंवा अंगावर येतो, तो तिथूनच परत. माणसांची मात्र नियमाने काळजी घेतली आहे. कोणाला शारीरिक अडचणीमुळे कुत्रा डाव्या बाजूला चालवणं शक्य नसेल, तर आधी जजना सांगून तो उजवीकडे चालवता येतो.

जातीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. आयजीपीच्या मूळ नियमांत आकार, जात, वंशावळ यांवरून कुत्र्याला अडवलेलं नाही. काम करण्याइतकं शरीर हवं, एवढंच. जर्मनीतल्या डीव्हीजीसारख्या जुन्या संघटनेत संकरित कुत्रीही उतरतात. वंशावळीचा कागद लागतो तो वर, जागतिक अजिंक्यपदापर्यंत जायचं असेल तर. उलट फ्रेंच रिंग या दुसऱ्या संरक्षण-खेळात ठरावीक जातींची नोंद असलेलीच कुत्री घेतात. नेदरलँड्समधली १९०७ पासूनची केएनपीव्ही ही पोलिसी धर्तीवरची संघटना दुसऱ्या टोकाला. तिथली नावाजलेली कित्येक कुत्री मॅलिन्वाच्या संकरातली, बिनकागदाची असतात. म्हणून पिल्लू घेण्याआधी ठरवा की तुम्हाला कोणत्या मैदानात जायचंय. कागद नसलेल्या पिल्लावर जीव लागल्यावर जागतिक स्पर्धेचं स्वप्न पाहू नका, आणि कागद आहेत म्हणून कमकुवत पिल्लू घेऊ नका.

या सगळ्या यादीत एक गोष्ट नाही, आणि माझं मुख्य सांगणं तिच्याचबद्दल आहे. कुत्रा ज्याच्या मालकीचा आहे त्यानेच तो शिकवला पाहिजे, असं मूळ नियमावली म्हणत नाही. कोणाचाही कुत्रा कोणीही सभासद मैदानात उतरवू शकतो. जर्मन शेफर्डच्या पैदाशीसाठी काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे प्रमाणपत्राला बाजारभाव आला. पैदासकार नर-मादी व्यावसायिक ट्रेनरकडे पाठवतात, परीक्षा होते, कुत्रा परत येतो आणि पिल्लांची किंमत वाढते. डच मंडळींचं वेगळं: ते हौसेने कुत्रा शिकवतात, परीक्षा झाली की तो पोलिसांना विकतात आणि नवं पिल्लू आणतात. त्यात मला काही गैर दिसत नाही. शिकवणाराही तोच, परीक्षा देणाराही तोच. गैर वाटतं ते तिसऱ्या तऱ्हेचं: मोठी रक्कम मोजून टायटल असलेला कुत्रा विमानाने आणायचा, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचं, ‘आम्ही तयार केलाय.’

म्हणूनच परदेशातल्या क्लबांनी मालकाने स्वतः शिकवलेल्या कुत्र्यांसाठी वेगळा गट आणि वेगळा मान ठेवला आहे. अमेरिकेतल्या शुट्झहुंड मंडळींत ‘एचओटी’ अशी खूणच आहे: पट्टा धरणारा, मालक आणि शिकवणारा एकच. त्यातल्या निकालाला माझ्या लेखी सर्वसाधारण पहिल्या क्रमांकाइतकीच किंमत आहे. या गटाचे नेमके शब्द संघटनेगणिक वेगळे असतात, म्हणून जिथे भाग घ्यायचा तिथला लेखी नियम मागून घ्या. पण नियमामागचा अर्थ एकच आहे, आणि तो समजला तर अडचणीच्या जागा ओळखू येतात. त्या जागांवर थोडं थांबू या, कारण चांगली माणसं तिथेच घसरतात.

पैदासकाराकडे आठ आठवडे राहिलेलं पिल्लू तुमचंच. त्याने माणसांत मिसळायला शिकवलं असेल तर त्याचे आभार माना. पण वर्षभराचा कुत्रा घेतला, त्याला माग काढण्याचा आणि स्लीव्ह पकडण्याचा पाया दुसऱ्याने घालून दिलेला आहे, तर? अजून कोणतीही परीक्षा झालेली नाही, म्हणजे कागदावर तो कोरा. काही ठिकाणी तो या गटात बसूही शकेल. मला विचाराल तर क्लबला सगळं सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. बीएच आधीच दुसऱ्याच्या हाताने झालेली असेल, तर मात्र प्रश्नच नको: सर्वसाधारण गटात उतरा, मान खाली घालायचं कारण नाही.

नवरा-बायकोच्या घरात हा प्रश्न हमखास येतो. कुत्रा कागदावर एकाच्या नावावर, रोज पहाटे मैदानावर नेणारं दुसरं. हे खोटं नाही, पण कागद दुरुस्त करून घ्या. शिकवतो तोच मालक, किंवा दोघांची नावं असतील तर परीक्षा त्यानेच द्यावी ज्याने शिकवलं आहे. बायकोने वर्षभर घाम गाळायचा आणि करंडक नवऱ्याने उचलायचा, हे आपल्या घरांत आधीच पुष्कळ होतं. मैदानावर तरी नको.

घरात आजारपण आलं, बदली झाली, आणि दोन-तीन महिने कुत्रा ट्रेनरकडे राहिला. याबाबतीत नियम काही म्हणो, मी कठोर आहे. नुसता सांभाळ झाला असेल तर हरकत नाही. पण त्या काळात त्याने नवे व्यायाम शिकवले असतील, तर हा गट सोडा. आणि वर्गातला हा ट्रेनर, क्लबातला तो अनुभवी सभासद, त्यांनी बाजूला उभं राहून ‘हात खाली घ्या, आवाज बदला, आता बक्षीस द्या’ म्हणून सांगितलं, त्याचं काय? ते घ्याच. जितकं मिळेल तितकं घ्या. सल्ला घेतल्याने कुत्रा दुसऱ्याचा होत नाही.

हेल्परचं तर वेगळंच आहे. संरक्षणाचं काम एकट्याने शिकवताच येत नाही. स्लीव्ह घालून समोर दुसरं कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे. त्यामुळे या खेळात ‘मी एकट्याने शिकवला’ असं म्हणणारा एकतर अज्ञानी आहे किंवा हेल्परचे उपकार विसरलाय. चांगला हेल्पर कुत्र्याला जिंकू देतो, योग्य क्षणी दबाव देतो, योग्य क्षणी काढून घेतो. वाईट हेल्पर दोन आठवड्यांत भित्रा कुत्रा चावरा करतो. म्हणून क्लब निवडताना मैदानाचं गवत पाहू नका, हेल्पर पाहा. तुमचा कुत्रा कामाला लावण्याआधी काही रविवार नुसते जाऊन उभे राहा. कुत्री शेपूट खाली घालून गाडीकडे ओढत असतील, तर तुम्हीही गाडीकडे वळा.

पट्टा आपल्या हातात असण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता. जर्मनीत विजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यांवर २००६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाच्या निकालाने बंदी पक्की झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात काट्यांचे पट्टे वापरायलाही मनाई आहे. ज्या देशाने हा खेळ घडवला, त्यानेच ही हत्यारं टाकून दिली. आपल्या शहरांत ती सर्रास मिळतात. कुत्रा दोन महिने ट्रेनरच्या केनेलमध्ये असेल, तर त्याच्या गळ्यात काय घातलं गेलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्हाला मिळेल तो व्हिडिओ, आणि घरी आलेला, मालकाने हात उचलला की डोळे मिटणारा जीव.

शिवाय कायदा आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लिफ्टमध्ये शेजारच्या मुलाला काही झालं, तर तिथे ट्रेनर उभा नसतो, तुम्ही असता. ज्याने चावायला शिकवलं त्याचाच आवाज ऐकून कुत्रा सोडायला शिकला असेल, तर तुमच्या आवाजाला तो थांबेल याची खात्री कोण देणार?

आपल्याकडे स्वतः शिकवणं अवघड आहे, हे मान्य. मे महिन्यात सकाळी सातनंतर जमीन तापते, आणि तापलेल्या, कोरड्या मुरमावर नवशिक्या कुत्र्याला माग लागत नाही. उन्हाळ्यात मागाचं काम उजाडता उजाडता उरकायचं किंवा सोडून द्यायचं. खरा काळ पावसाळ्यानंतरचा. खरिपाची कापणी झालेली शेतं, ओलसर माती, आखूड गवत. शेतकऱ्याला आधी विचारा, बांधावरून चाला, पेरलेल्या शेतात पाऊल नको. भटकी कुत्री मधे येतील, त्याला इलाज नाही. सोबतीला एक माणूस ठेवा. आणि आयजीपी-१ मध्ये माग मालकाने स्वतःच टाकायचा असतो, किमान ३०० पावलांचा. म्हणजे परीक्षेच्या पहिल्या पायरीवर कुत्रा तुमच्याच पावलांचा वास हुंगत तुमच्या पुढे चालतो. आयजीपी-३ ला पोहोचेपर्यंत तो परक्या माणसाने टाकलेला, किमान ६०० पावलांचा आणि तासाभराचा जुना माग काढू लागतो. या दोन पायऱ्यांमधला प्रवास स्वतः करण्यासारखा आहे. तो विकत घेणाऱ्यांची मला मनापासून हळहळ वाटते.

तुमच्या कुत्र्याला संरक्षणाचं काम झेपत नसेल, तर ओढाताण करू नका. माणूस अंगावर आला की दबणाऱ्या कुत्र्याला चिडवून, कोंडून, उपाशी ठेवून धीट करता येत नाही. त्यातून तयार होतो तो भीतीने चावणारा कुत्रा, आणि तोच सगळ्यात धोकादायक. फक्त माग काढण्याच्या आणि फक्त आज्ञापालनाच्या वेगळ्या परीक्षा आहेत. संरक्षण वगळलेल्या कम्पॅनियन कुत्र्यांच्या पायऱ्याही आहेत. तिथेही पट्टा तुमच्याच हातात असतो.

नोकरीनिमित्त जर्मनीत असलेल्या मराठी कुटुंबांना वेगळं सांगायला हवं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात जर्मन शेफर्ड संघटनेची स्थानिक शाखा असण्याची शक्यता दाट आहे. शनिवार-रविवारी हौशी लोक तिथे जमतात आणि मैदान सांभाळायला, कॉफी करायला, माग टाकायला हातभार लावणाऱ्याला तिथे लवकर सामावून घेतात. भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते. कुत्रा नसतानाही जा. वर्षभर दुसऱ्यांची कुत्री पाहून मग पिल्लू घ्या.

पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, काय शिकवलं, हेल्पर कोण होतं, कोणाचा सल्ला घेतला, कुत्रा कोणाकडे किती दिवस होता, सगळं लिहा. चिपचा नंबर पहिल्या पानावर. लसीकरण आणि एक्स-रेचे कागद मागच्या पानाला जोडलेले. प्रवेश-अर्ज भरताना ‘मालकाने स्वतः शिकवलेला’ या गटासमोर खूण करण्याआधी ती वही क्लबच्या सेक्रेटरींसमोर ठेवा आणि जे सांगायला अवघड वाटतंय ते आधी सांगा. त्यांनी ‘बसत नाही’ म्हटलं, तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर सर्वसाधारण गटाचा अर्ज भरा. मैदान तेच असतं, जज तेच असतात आणि गुणही तितकेच.